मांजराचं जेवण

१० डिसेंबर. बोरगावच्या घरी संध्याकाळी मी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. आमच्या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही, म्हणून पाच वर्षांच्या नातीला आधीच ताट वाढून दिलं. ती मोबाइलवरच्या गेममधल्या मांजराला भरवत होती. गेम बंद करायला गेली की ते मांजर डोळ्यांत पाणी आणून रडायचं आणि ती परत बसायची. मी हाका मारून थकले. ती ताटावर आली तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

"आज्जी, दिवस मावळला. आता न्हाय जेवायचं," म्हणाली. किती समजावलं तरी उपाशीच झोपली.

मी गेमचा विषय काढला तसा मुलगा म्हणाला, "आई, तो पोरांचा न्हाय, मोठ्यांचा गेम हाय. गेमवर तसं वय लिवलंय की."

"तिला वाचता येतंय काय रं? अन् मांजर रडतंय म्हणून तू जेवायचा थांबला असतास?"

त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला.

सकाळी ती उठायच्या आत मी गेम काढून टाकला. उठल्यावर तिनं विचारलं, "मांजर मेलं काय गं?" मी "व्हय" म्हणाले आणि तिच्यापुढं दूध-भाकरी ठेवली.