गंधक लावलेलं बियाणं

काडी ओढली की गंधकाचा वास येतो आणि निजामी राजवटीचा शेवटचा पावसाळा आठवतो. आमचं शेत वाटूरजवळ होतं. आदल्या साली काणी रोगामुळे शाळूच्या निम्म्या कणसांत दाण्याऐवजी काळी भुकटी भरली होती, म्हणून पेरणीआधी थोरला भाऊ ओसरीवर बसून बियाण्याला गंधकाची पूड चोळत होता. त्या दुपारी बंदूकधारी टोळी घरात घुसली. वास येताच म्होरक्यानं दरडावलं, “बारूद बनाता है?” भाऊ म्हणाला, “न्हाई सरकार, बियाणं हाय. रोग लागू नये म्हनून दवा लावून राह्यलो.” “जवारी को बुखार आया क्या रे?” सगळे हसले आणि बंदुकीचा दस्ता भावाच्या डोक्यात बसला. तो पडल्यावरही ते मारत राहिले. मला दोघांनी खांबाशी दाबून धरलं होतं. वहिनीनं मूठभर बियाणं ओसरीतल्या पेटत्या चुलीत फेकलं. “बघा! बारूद असती तर घर उडालं असतं!” निळी ज्योत उठली, धुरानं सगळ्यांचे घसे धरले आणि ते खोकत, शिव्या देत निघून गेले. भाऊ जगला, पण त्याची नजर गेली. उरलेलं बियाणं वहिनीनं पेरलं. हुरड्याच्या दिवसांत तिनं त्याला हात धरून शेतात नेलं. त्यानं कणीस चाचपलं, एक दाणा चिमटीत चिरडला आणि विचारलं, “काळं हाय का?” ती म्हणाली, “न्हाई. पांढरं दूध हाय.” त्यानं लगेच पुढचं कणीस धरलं. आजही काडी पेटवताना माझे डोळे आपोआप मिटतात.