सेमाडोहपरीस लंडन जवळ

राजापेठेतल्या खुशालराव मास्तरांना कुठलंही अंतर विचारा, गडी मैल सांगायचा नाही, तास सांगायचा. भूगोल शिकवण्यात हयात गेली, खोड जाते थोडीच! पोरगा भगवंत शिकायला लंडनला गेला, तेव्हापासून तर ताळच सुटला. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून लंडन ते मुंबई साडेचार हजार मैल मोजले, विमानाचे तास काढले, त्यात बडनेऱ्यापर्यंतची रेल्वे मिळवली आणि पानठेल्यावर जाहीर केलं, "दीड दिवसात पोरगं घरी! सेमाडोहाहून आमची सुभद्रा पावसाळ्यात दोन दिवसात नाई पोचत. तिच्यापरीस लंडन जवळ पडते."

सुभद्रा त्यांची थोरली. मेळघाटात जंगलखात्याच्या नाकेदाराला दिलेली.

त्रेसष्टच्या श्रावणात मास्तरांच्या पत्नी भागीरथाबाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, पोरांना बोलावून घ्या.

"अवो, सुभीले बलावा," बाई म्हणाल्या.

"सिपना नदीले पूर हाये. निंगाली अन् वाहून गेली तं? भगवंताले तार करतो, तो अगुदर पोचते."

काळजी खरीच होती. पण आपला हिशोब चारचौघांत खरा व्हावा ही हौसही होतीच, खोटं कशाला बोला!

तार गेली. मास्तर तास मोजत बसले. आता विमानात बसला असेल, आता मुंबईत उतरला असेल. दीड दिवस सरला, तीन सरले. पाचव्या दिवशी उत्तर आलं: परीक्षा तोंडावर आहे, संपली की निघतो. मास्तरांनी तार पुन्हा वाचली. विमानाचा वेग त्यांना तोंडपाठ होता. पोरगा विमानात बसेल का, हे मात्र त्यांनी धरलंच नव्हतं.

तेव्हा कुठे परतवाड्याच्या बसवाल्याजवळ सुभद्रेसाठी चिठ्ठी दिली. पण सातव्या दिवशी सकाळी बाई गेल्या.

दुपारी तिरडी बांधत असताना सुभद्रा आली. पाय अनवाणी, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. तिनं आईच्या गालावर हात ठेवला.

"काल चिठ्ठी भेटली, बाबा. तशीच निंगाली. कोरकू बायाचे हात धरून नदी उतरली, रातभर घाट चालली, सकाळी परतवाड्याले बस धरली." मग तिनं विचारलं, "माय कवापासून पडली होती?"

"सात दिवस झाले."

"सात दिवस! अन् मले कालच कळवता?" तिचा आवाज चिरकला. "मायले माही आठवन नाई आली काय, बाबा?"

आली नाही म्हणावं, तर मास्तर सुटत होते. पूर होता, कोणी बोट दाखवलं नसतं. लोक ऐकत उभे होते. मास्तर लेकीसमोर खालीच बसले.

"पैल्याच दिवशी आली, पोरी. तुहंच नाव घेतलं तिनं. म्याच नाई बलावलं तुले."

तेव्हा कुठे सुभद्रेनं हंबरडा फोडला.