पलीकडचं फडकं

काठाकाठानं डांबरी सडक झाली आणि माझी नाव हाकारायचं लोकांनी सोडलं. वेळवंडी नदीवरच्या धरणाच्या फुगवट्यावर आमच्याकडं नाव बोलवायची रीत अशी, की काठावर उभं राहायचं आणि डोक्यावरून फडकं फिरवायचं. ते दिसलं की नावाड्यानं हातातला घास ताटात ठेवून निघायचं. आता सगळे मोटरसायकलवरून भोरला जातात. जा बाबांनो, खुशाल जा.

बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून दिवसभर मी पाण्यावरच असतो. उगाच या वळणावरून त्या वळणावर. शीड कसलं, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स शिवून घेतलाय. वारा भरला की पुढारी फुगतो. पण हसायला नावेत दुसरं माणूस नको का? मीच हसतो, मीच गप्प होतो.

परवा दुपारी मधल्या पाण्यात भाकरीची गाठ सोडली, तेवढ्यात वेल्ह्याच्या अंगाला, काठावरच्या खडकावर पांढरं फडकं हललं. जीव असा हरखला म्हणून सांगू! भाकरी तशीच गुंडाळली. मेला वारा नेमका तोंडावर आला. नाव तिरकी घालत, पुन्हा वळवत दमलो. शेवटी शीड उतरवलं आणि वल्ही मारत निघालो. हात भरून आले, तरी "आलो, आलो!" म्हणून ओरडत होतो. कुणाला तरी मी लागत होतो, आणखी काय पाहिजे?

जवळ गेलो तर धनगराची एक म्हातारी. खडकावर नाचणीची कणसं वाळत घातलेली, आणि ती बसल्या बसल्या फडक्यानं पाखरं हाकत होती.

"कुठं जायचंय, मावशी?"

"कुठं न्हाई बा. पाखरं लई झाल्यात. तुमी कशापायी आला?"

राग आला, पण तिच्यावर कसा काढणार? नाव हाकारली असं वाटलं, म्हणालो. ती खळखळून हसली, मग तांब्याभर पाणी दिलं. पाणी पिऊन निघायचं, तर पाय निघेना.

"आलोच हाय तर चला की," मी म्हणालो. "पलीकडं चक्कर मारू, परत हितंच सोडतो."

कपाळावर हात धरून तिनं आमच्या काठाकडं पाहिलं. माझ्या घराचा पत्रा तिकडं उन्हात चमकत होता.

"नगं," ती म्हणाली. "पलीकडं कोन हाय?"

मी हाय, एवढंच तर म्हणायचं होतं. तेही तोंडातून निघालं नाही. नाव लोटली आणि निघालो.