पाण्याविना पान

कर्वेनगरला आमच्या घरातल्या एका खोलीत कॉलेजची मुलगी भाड्याने राहायची. फर्नवर संशोधन करायची. दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळा बंद राहणार, म्हणून तिने काचेच्या चपट्या डब्या घरी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडल्या. आत नखाएवढे हिरवे पापुद्रे, बदामाच्या आकाराचे.

"ही फर्नची मुलं, काकू."

"आईसारखी नाही गं दिसत."

"नाहीच दिसत. ह्यांची मुलं मात्र थेट आजीवर जातात."

चौथीनंतर मला कुणी काही शिकवलं नव्हतं, म्हणून मी मन लावून ऐकलं. एक पिढी झालरीच्या पानांची, पुढची पापुद्र्यांची, मग पुन्हा पानांची. कुठली व्हायची ते जनुकं ठरवतात. भिंतीवरच्या बटणांसारखी, काही चालू, काही बंद. एरवी पापुद्र्यावर पाणी असलं तरच नर-मादीची भेट होते आणि पान येतं. हिने एक बटण आधीच चालू केलं होतं. भेटीवाचून पान फुटतं का, ते बघायचं होतं. वर्षभराची मेहनत होती.

"खालच्या जेलीतला ओलावा त्यांना पुरतो. वरून थेंबभर पाणी पडलं तरी सगळं वाया," असं बजावून ती गावाला गेली.

आणि घरात माझ्या सासूबाई! त्या प्लास्टिकच्या फुलांनाही पाणी घालायच्या.

मी चकल्या तळत होते. सासूबाईंनी एका डबीचं झाकण उचललं. "तहानलीत बिचारी. काय शिकवतात कॉलेजात!" आणि तांब्या घेतला.

लग्नापासून मी त्यांना "हो आई" याखेरीज फारसं काही म्हटलं नव्हतं. शेजारणी तर मला मुकीच समजायच्या. तांब्या कलला.

"आई, नका! पाणी घालू नका!"

खालच्या मजल्यावरचे काका गॅलरीत आले, इतकी मी ओरडले. सासूबाईंनी तांब्या ठेवला, झाकण लावलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चकली करपतेय," म्हणाल्या.

दिवाळीभर त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या. पण खिडकीपाशी कुणाला फिरकू दिलं नाही.

मुलगी परतली ती चपला न काढताच खिडकीशी गेली. भिंग लावलं. एका पापुद्र्याच्या खाचेतून इवलंसं पान वर आलं होतं.

"काकू, पान फुटलं! पाण्याविना!"

"त्यात काय नवल?" सासूबाई चिवडा खात म्हणाल्या. "आमच्या सुनेला वाचा फुटली."

मला हसू आवरेना. "चहा घेणार का, आई?" मी विचारलं, जरा मोठ्यानेच.