जांभळीवरचा दोर

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे घडलं त्यात चूक कोणाची, यावर पाड्यात अजून दोन मतं आहेत. माझंच मत रोज बदलतं.

टोकावड्याहून आत वळलं की थोड्या वेळात डांबर संपतं. मग मातीचा रस्ता, मग ओढा, आणि ओढ्यातून आमच्या पाड्याकडे चढताना एक गुळगुळीत खडक. इथे गाडी अडकतेच. सिलिंडरचा टेम्पो असो, मांडवाचं सामान असो, बाळंतिणीला न्यायला आलेली जीप असो. ओढ्याकाठच्या जांभळीवर एक जाड दोर कायम टांगलेला असतो. तो कोणी आणला, कोणाच्या मालकीचा, हे विचारायची पद्धत नाही. खालून इंजिन रडल्याचा आवाज आला की ज्याच्या कानावर पडेल त्याने हातातलं टाकून धावायचं. जो आला नाही त्याला संध्याकाळी विचारतात, "काय रे, बहिरा झालास?"

या कामाची बोलायची रीतही ठरलेली आहे. अडकलेला माणूस म्हणतो, "राहू द्या, राहू द्या, काढतो मी." त्यावर सगळे म्हणतात, "गप रे," आणि दोराला हात घालतात. राहू द्या म्हणाला म्हणून कोणी खरंच राहू दिलंय, असं मी लहानपणापासून पाहिलेलं नव्हतं.

मी दूध घालतो. रोज पहाटे मोटरसायकलला दोन कॅन लावून हा खडक उतरतो आणि दूध टोकावड्याला पोचवतो. शहरातले रायडर आमच्या डोंगरात गाड्या घेऊन यायला लागले तेव्हा त्यांना वाटा दाखवायला मीच जायचो. ते मला "दूधवाले" म्हणायचे. वाईट बोलायचे नाहीत, चहा पाजायचे, पण एखादा अवघड चढ आला की म्हणायचे, "दूधवाले, तुम्ही बाजूला थांबा, लागेल तुम्हाला." ज्या चढावरून मी दुधाचा थेंब न सांडता उतरतो, तिथे मी बाजूला थांबायचं! मी थांबायचो आणि मनातल्या मनात शिव्या घालायचो.

म्हणून त्यांनी आमच्याच डोंगरात रेस ठरवली तेव्हा मी नाव दिलं. नंबर यावा अशी हाव नव्हती. शेवटचा आलो तरी चालेल, पण वेळेत शेवटची कमान ओलांडायची आणि रायडर म्हणून ओलांडायची, एवढंच डोक्यात होतं. एकदा कमान ओलांडली की मला कोणी बाजूला थांब म्हणणार नाही, असं मला वाटत होतं.

दोन महिने तयारी केली. शहापूरच्या एका माणसाकडून डोंगरात चालवलेली जुनी गाडी आणली. मुरबाडच्या वेल्डरकडून इंजिनाखाली लोखंडी पत्रा मारून घेतला. दूध घालून आलो की कापणी झालेल्या खाचरांत बांधावरून उड्या मारायचो, कॅनमध्ये दगड भरून चढ चढायचो. कोपर फुटलं, गुडघा सुजला. बायको हळद लावता लावता म्हणाली, "पडायचा सराव चांगला झाला. आता चालवायचा कधी करणार?" वडील मात्र रोज बांधावर येऊन बसायचे. त्यांना रेस म्हणजे काय ते नीट कळलं नव्हतं. मी उडी मारून नीट उतरलो की मान डोलवायचे आणि पडलो की उठून उभे राहायचे.

त्याच काळात आयोजकांची जीप झेंडे आणि फिती घेऊन येताना खडकावर अडकली. झोडणी चालू होती. सात-आठ जण भाताच्या पेंढ्या टाकून धावले, वडील सगळ्यांत पुढे. जीपमधला साहेब "नको नको, राहू द्या" म्हणत होता. "गप बसा साहेब," वडील म्हणाले आणि दोर खांद्याला लावला. जीप वर आली. साहेबाने सगळ्यांचा फोटो काढला. गावातली माणसं किती चांगली, असं तो तीनदा म्हणाला.

रेसच्या आदल्या संध्याकाळी नियम सांगितले. शेवटचा चढ आमच्याच खडकावरून होता, रस्त्याच्या बाजूने नाही, ओढ्यातून उभ्या अंगाने. तिथे बाहेरच्या कोणाचाही हात गाडीला लागला तर रायडर बाद. मी ते दोन्ही कानांनी ऐकलं.

घरी सांगितलं नाही. आजही मला कोणी विचारलं की का नाही सांगितलं, तर मी म्हणतो, गडबडीत राहिलं. खोटं आहे ते. सांगायचं म्हणजे त्या खडकावर मी अडकू शकतो हे कबूल करायचं, आणि माझ्या जिभेला ते जड गेलं. रोज दोन कॅन घेऊन चढणारा माणूस मी!

सकाळी छातीवर एकवीस नंबरचं कापड बांधलं आणि निघालो. पहिल्या दोन तासांतलं मला तुकड्या-तुकड्यानेच आठवतं. कारवीत घुसलेली गाडी, हेल्मेटात साचलेला घाम, क्लच दाबून दाबून बधिर झालेली बोटं. महागड्या गाड्यांवरचे तिघे-चौघे दगडात बसून पाणी पीत होते, त्यांना मागे टाकून गेलो. त्यातल्या एकाने मला ओळखलं आणि "अरे, दूधवाले!" म्हणून ओरडला. मला इतका आनंद झाला की पुढच्याच वळणावर पडलो.

ओढ्यात उतरलो तेव्हा वीस मिनिटं हातात होती. खडक चढला की समोर सरळ रस्ता आणि कमान. काठावर फितीच्या पलीकडे सगळा पाडा उभा होता. मी गाडी जोरात घातली. अर्ध्यावर घसरून खाली आलो. दुसऱ्यांदा घातली, तर मागचं चाक दोन दगडांच्या फटीत बसलं. मी रेस वाढवली. इंजिन रडायला लागलं.

मला तेव्हाच कळलं काय होणार ते. मान वर केली तर वडील फितीखालून वाकून येत होते, दोर त्यांच्या हातात होता. मागे दहा-बारा जण.

"हात लावू नका!" मी ओरडलो. "राहू द्या! बाबा, राहू द्या!"

"गप रे," वडील म्हणाले.

मी आणखी ओरडलो. मी जितका ओरडलो तितका त्यांना जोर चढला. दोर हँडलला पडला, कोणी मागून रेटा दिला, "हाण!" अशी आरोळी झाली आणि मी गाडीसकट वर आलो. बायका टाळ्या वाजवत होत्या. वर लाल झेंडा घेऊन जीपवाला साहेब उभा होता. त्याने झेंडा आडवा धरला.

"एकवीस, बाहेरची मदत," तो म्हणाला. "बाद."

"साहेब, तुमची जीपपण आमीच काढली ना हितनं?" वडिलांनी हसत विचारलं. त्यांना वाटलं, काही गैरसमज झाला असेल.

"ते वेगळं होतं, काका," साहेब म्हणाला आणि खाली बघून वहीत काहीतरी लिहायला लागला. नियम होता. त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही, आणि म्हणूनच तो मला अजून डोळ्यांसमोर नको असतो.

राग त्याच्यावर काढायचा होता, निघाला वडिलांवर. "कोणी बोलावलं होतं तुमाला?" मी सगळ्यांसमोर ओरडलो. "अडाण्यांनो, वाटोळं केलंत माझं! परत माझ्या गाडीला हात लावाल तर बघा!" गाडी तिथेच आडवी टाकली. कमान तिथून दिसत होती. एकेक करून दगडातले ते तिघे-चौघे माझ्या शेजारून गेले आणि कमानीखाली फोटो काढायला थांबले.

वडिलांनी हँडलचा दोर सोडवला, गुंडाळला, जांभळीवर टांगला. त्यांच्या तळहाताची साल निघाली होती. घरी बायको हळद लावत होती तेव्हा मी तिथेच बसलो होतो. माफी मागायची हीच वेळ होती, पण मी उठून गोठ्यात गेलो. नंतर त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. गाडी विकून टाकली. शहरातल्यांचा फोन आला की वाट दाखवायला मी आता जात नाही.

यंदा श्रावणात दूध घालून येताना रोजची जुनी मोटरसायकल त्याच खडकावर फसली. पाणी गुडघ्याला लागत होतं, एक कॅन निसटून ओढ्यात गेला होता. इंजिन रडलं. भाताच्या आवणीतल्या चिखलाच्या पायांनी सगळे धावत आले, नेहमीसारखे. पण काठावर येऊन थांबले. वडिलांच्या हातात दोर होता.

"हात लावू का रे?" त्यांनी विचारलं.

आमच्या पाड्यात हे कोणी कोणाला विचारत नाही. मला हो म्हणायचं होतं. शपथेवर सांगतो, हो म्हणायलाच तोंड उघडलं होतं. पण आयुष्यभराची सवय, जिभेवर आलं ते बाहेर पडलं.

"राहू द्या, काढतो मी."

मी "गप रे" ऐकायची वाट बघत उभा राहिलो. वडिलांनी मान हलवली, दोर परत जांभळीवर टांगला, आणि सगळे आवणीला गेले.