सिदूनं दाबून ठेवलेला रिपोर्ट

परंड्याच्या गोरोबानं क्लॅरनेट तोंडाला लावलं की वरातीतली म्हातारीकोतारीसुद्धा थबकून ऐकत. धाकटा चुलतभाऊ सिदू लहानपणीच पोरका झाला, तेव्हा गोरोबानंच त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, वाजवायला शिकवलं. पुढं सिदूनं स्वतःचा बँड काढला. गोरोबा कौतुकानं त्याच्या हाताखाली वाजवू लागला.

माघात गावात तपासणीचं शिबिर भरलं. गोरोबाच्या डाव्या डोळ्यापुढं मधूनच अंधारी यायची, म्हणून डॉक्टरांनी मानेची सोनोग्राफी केली. रिपोर्ट मोबाइलवर येणार होता. गोरोबाचा फोन साधा, त्यानं सिदूचा नंबर दिला.

आठवड्यानं त्यानं विचारलं, "रिपोर्ट आला का रं?"

"आला की. समदं बेस हाय, अण्णा. तुमी बिनघोर वाजवा."

वैशाखात सोनारीच्या एका लग्नात, ऐन वरातीत, गोरोबाच्या हातातून क्लॅरनेट गळून पडलं. तोंड वाकडं झालं, उजवं अंग लुळं पडलं.

सोलापूरच्या दवाखान्यात जीव वाचला. तिथं जुने कागद मागितले, म्हणून बायको प्रेमाबाईनं शिबिराच्या डॉक्टरांना फोन लावला. ते चक्रावलेच. "अहो, मानेतल्या शिरेत चरबीचा थर साचलाय, त्याचा पापुद्रा कधीही फुटून लकवा मारेल, लगेच घेऊन या, असं मी कळवलं होतं. 'बरं, आणतो' असं उत्तरही आलं!"

प्रेमाबाईनं सांगितलं तेव्हा गोरोबाला ते खरं वाटेना. सिदू शहाळं घेऊन आला, तेव्हा गोरोबानं जड जिभेनं विचारलं, "तू वाचलं व्हतंस?"

सिदूची मान खाली गेली. "लगीनसराई तोंडावर व्हती, अण्णा. तुमच्याबिगर आपल्याला कोन बोलावतंय? म्हनलं, वैशाख सरला की नेऊ."

"मला इचारलं असतंस, तर कदाचित म्याच म्हनलं असतं, एवढी सराई वाजवतो." गोरोबाचे डोळे भरून आले. "पर इचारायचं तरी व्हतंस. जीव माझा व्हता, सिदू."

डॉक्टरांनी शीर साफ केली. हात हळूहळू हलू लागला, पण ओठाच्या कोपऱ्यातून फुंकर निसटते ती निसटतेच. सिदू अधूनमधून येतो. प्रेमाबाई चहा देते, गोरोबा बोलत नाही.

यंदा सिदूच्या मुलीचं, शुभांगीचं लग्न झालं. गोरोबा काठी टेकत गेला, पोरीवर अक्षता टाकल्या, आणि पंगत बसायच्या आत, न जेवताच घरी परतला.