कण न घातलेली बाटली
विड्याची पानं पाण्यात उकळल्याचा तिखट वास आला, की कुंभकोणमच्या आमच्या कॉलेजातली एक दुपार आठवते. माझ्या विद्यार्थिनीने त्या अर्कातून चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार केले होते, आणि ते घातल्यावर रेशीम रंगवून उरलेलं निळं पाणी गच्चीवरच्या उन्हात फिकं झालं होतं. माझी बढती याच प्रयोगावर अडलेली. पण कण न घातलेली शेजारची बाटलीही जवळजवळ तितकीच फिकी निघाली, म्हणजे काम बहुतेक उन्हाचंच. प्रयोग तपासायला आलेले तमिळ परीक्षक दारात उभे होते. ती आणि मी, दोघंही घरी मराठी बोलणारी, बाहेर तमिळ. म्हणून मी हळूच मराठीत म्हटलं, “ती बाटली कपाटात ठेव पोरी, कुणाला कळणार नाही.” तिने बाटली उचलली, सरळ परीक्षकांपुढे ठेवली आणि खणखणीत तमिळमध्ये म्हणाली, “सरांनी आत्ता मराठीत सांगितलं, ही लपव. मी तुम्हाला कळेल असं सांगते, आधी हीच बघा.” बढती गेली, आणि चूक माझी असून मी कित्येक वर्षं तिच्याशी बोललो नाही. आता माझ्या प्रयोगशाळेत प्रत्येक प्रयोगात अशी कण न घातलेली बाटलीच सगळ्यांत पुढे असते. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. ती मागे सरकणार नाही.